‘गाव कुठलं?’ : बदली कार्डापासून दुकानाच्या मुलाखतीपर्यंत

गणपती पंधरा दिवसांवर आले असताना माझ्या पुतणीला मुलाखतीचा निरोप आला. नोकरी पनवेलच्या बाजूच्या एका मोठ्या दुकानातली. सणासुदीचा हंगाम, पगार तासावर, काम पडेल त्या दिवशी बोलावणार. म्हसळ्याहून पहाटेची गाडी धरून आम्ही दोघे निघालो. तिला सोबत हवी होती असे नाही. पण मी इतिहासाचा मास्तर, निवृत्त, आणि अशा प्रसंगी घरात उपयोगी पडण्यासारखा दुसरा कोणी मोकळा नव्हता.

दुकानाच्या मागच्या बाजूला, जिथे माल उतरतो तिथे, एका खोलीत मुलाखती चालल्या होत्या. खुर्च्यांवर तीस-बत्तीस मुले-मुली. आत टेबल आणि बाहेर आम्ही, मध्ये फक्त एक पातळ फळी. त्यामुळे आतले सगळे ऐकू येत होते. पुतणीचा नंबर आला तेव्हा मुलाखत घेणाऱ्याने नाव वाचून पहिला प्रश्न विचारला, “गाव कुठलं?”

“म्हसळा.”

“म्हणजे गणपतीला, शिमग्याला सुट्टी लागणार?”

हा प्रश्न ऐकला आणि माझे मुलाखतीवरून लक्ष उडाले. कारण हा प्रश्न मी आधी ऐकला होता. त्याच शब्दांत नाही, पण माझ्या आजोबांच्या तोंडून. त्यांना तो सुमारे नव्वद वर्षांपूर्वी परळच्या एका गिरणीच्या फाटकावर विचारला गेला होता. तेव्हा त्या प्रश्नाचे बरोबर उत्तर ‘म्हसळा’ हेच होते. आज तेच उत्तर अडचणीचे ठरत होते. हे असे कसे झाले, एका प्रश्नाचा अर्थ तीन पिढ्यांत उलटा कसा झाला, याचा शोध घ्यावा असे त्या फळीबाहेर बसल्या बसल्या मनात आले. हा लेख म्हणजे तो शोध.

फाटक

आजोबा मुंबईला गेले तेव्हा म्हसळा ब्रिटिश मुलखात नव्हते. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा भाग जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात मोडत असे. 1948 च्या जानेवारीत लोकांनी उठाव करून म्हसळ्याची कचेरी ताब्यात घेतली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याआधीची कित्येक वर्षे इथल्या माणसांची दोन तऱ्हांची स्थलांतरे चालली होती. एक जहाजावर आणि समुद्रापार. जंजिरा संस्थानाला हबसाण असेही म्हणत; या हबसाणातले आणि रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान थेट दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनपर्यंत गेले. तिथे 1902 च्या कायद्याने बंदरावरच परीक्षा सुरू केली. येणाऱ्याला एखाद्या युरोपीय भाषेत लिहिता आले पाहिजे. दारावरची मुलाखत हा प्रकार आमच्या तालुक्याला असा सातासमुद्रापारही भेटलेला आहे.

दुसरे स्थलांतर मुंबईच्या गिरण्यांकडे. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली कंपनी काढली आणि 1856 साली ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी चालू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत गिरण्यांना जी माणसे लागली, त्यांतला सगळ्यात मोठा वाटा कोकणाने, त्यातही रत्नागिरी जिल्ह्याने पुरवला. आमचा भाग त्या प्रवाहाच्या काठावर होता. खाडीमार्गे दिघी, दिघीहून बोट, आणि बोटीतून उतरल्यावर गावाची खोली.

ही ‘गावाची खोली’ समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. एका चाळीतली एक खोली, तिच्यात एका गावाचे, बहुतेक एकाच जातीचे, पंधरा-वीस पुरुष. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे झोपायला जागा आलटून पालटून मिळे. त्या खोलीतला एखादा जुना माणूस गिरणीत जॉबर असे, किंवा जॉबरच्या ओळखीचा असे. नोकरीचा रस्ता या खोलीतून जाई.

जॉबर म्हणजे मुकादम. खात्यातल्या माणसांवर देखरेख ठेवणे हे त्याचे काम. पण त्याची खरी सत्ता फाटकावर होती. भोंग्याच्या आधी फाटकाबाहेर माणसे जमत. कोण कामावर आले नाही याचा अंदाज घेऊन जॉबर बाहेर येई आणि बोट दाखवून माणसे आत घेई. अर्ज नाही, कागद नाही, साहेब नाही. साहेबाला माणसे मोजून मिळाली की पुरे. माणूस कामाचा आहे की नाही, हे ठरवण्याचा एकच प्रश्न जॉबरकडे होता, “कुठला रे तू?” गाव सांगितले की त्याच्या मागोमाग जात कळे, भाऊबंद कळत, कोणाच्या शब्दावर हा आला आहे ते कळे. उद्या हा पळाला, भांडला, उधारी बुडवून गेला, तर कोणाला धरायचे तेही कळे. गाव म्हणजे जामीन.

आजोबा सांगत, “दोन दिस उभा होतो. तिसऱ्या दिशी मुकादमानं इचारलं, कुठला? म्हटलं, म्हसळ्याचा. म्हणाला, चल आत.” तो मुकादम म्हसळ्याचा नव्हता, पण त्याची बहीण आमच्या बाजूला दिलेली होती. तेवढे पुरले.

ही गोष्ट घरात कौतुकाने सांगितली जाई. तिची दुसरी बाजू मी पुढे वाचनातून शिकलो. जॉबर जसा आत घेई तसा बाहेरही काढी, आणि दोन्हीचे पैसे घेई. त्याला दस्तुरी म्हणत. कामावर लागताना द्यायची, सुट्टीवरून परत आल्यावर जागा टिकवायला द्यायची, कित्येकदा पगाराच्या दिवशी द्यायची. गिरणीत जिथे बायका काम करत, त्या खात्यांत हेच काम नायकीण करी. 1920 नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत बायका सुमारे पाचवा हिस्सा होत्या. त्यांच्यासाठी फाटक म्हणजे नायकीण.

आणि ज्याचे उत्तर चुकीच्या वस्तीचे असे, त्याला फाटक उघडूनही सगळी खाती उघडत नसत. विणकाम खात्यात पगार चांगला. पण तिथे धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. तोच धोटा दुसरा कामगार तोंडाला लावणार, म्हणून अस्पृश्य मानलेल्यांना त्या खात्यात घेत नसत. ही बंदी मालकाच्या कुठल्या नियमात नव्हती. ती कामगारांनी आणि जॉबरांनी मिळून पाळलेली होती. 1927 साली महाडला चवदार तळ्याचे पाणी हातात घेणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढच्याच वर्षी, 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी, हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर मांडला. महाड आमच्यापासून लांब नाही. तळ्याचे पाणी आणि धोट्याचा धागा हा एकच प्रश्न होता, हे मला शाळेत कोणी शिकवले नव्हते.

म्हणून आजोबांची गोष्ट आता मी थोडी वेगळी सांगतो. त्यांचे उत्तर बरोबर होते, याचा अर्थ त्याच फाटकावर कोणाचे तरी उत्तर चूक होते.

कार्ड

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक जाड कागदाचे कार्ड होते. कोपरे झिजलेले, महिन्याच्या तारखांचे चौकोन, काही चौकोनांत शिक्का, बरेचसे कोरे. लहानपणी मला ते रेशनचे कार्ड वाटे. ते बदलीचे कार्ड होते.

हे कार्ड कुठून आले, त्याचा इतिहास आमच्या शेजारच्या एका गावापासून सुरू होतो. माणगाव तालुक्यातल्या गोरेगावात 1879 साली नारायण मल्हार जोशी जन्मले. ना. म. जोशींनी 1911 साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, 1920 साली आयटकच्या स्थापनेत पुढाकार घेतला. 1929 साली सरकारने जॉन हेन्री व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातल्या कामगारांविषयी शाही आयोग नेमला, तेव्हा त्याच्या सदस्यांत घनश्यामदास बिर्ला आणि व्हिक्टर ससून यांच्यासारख्या उद्योगपतींबरोबर ना. म. जोशीही होते. आयोगाने गावोगाव जाऊन साक्षी घेतल्या, त्यांचे जाडजूड खंड छापले आणि 1931 साली अहवाल दिला. त्यातली एक शिफारस आपल्या विषयाच्या गाभ्याची आहे: माणसे घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार जॉबरच्या हातातून काढून घ्यावा आणि त्यासाठी कामगार अधिकारी नेमावेत.

गिरणीमालकांनी ही सूचना उचलली ती आयोगाच्या प्रेमापोटी नव्हे. 1928 चा संप सहा महिने चालला होता आणि त्यात जॉबरांवर विसंबून राहता येत नाही हे मालकांना कळून चुकले होते. 1934 च्या सुमाराला कामगार अधिकारी आले आणि 1935 साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रणाची योजना सुरू केली. योजना साधी होती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठराविक लोकांना बदली कार्डे द्यायची. कार्डवाल्याने रोज सकाळी फाटकावर हजर राहायचे. जितक्या जागा त्या दिवशी रिकाम्या, तितके आत जाणार. कार्ड नसलेल्याला घ्यायचे नाही.

सुधारणा झाली, यात शंका नाही. फाटकावरच्या अमर्याद गर्दीची एक मोजकी यादी झाली. पण यादीत नाव असणे म्हणजे काम असणे नव्हे. हजर राहिले आणि जागा नसली, तर माणूस तसाच परत. त्या दिवसाचे काही नाही. आजोबांच्या कार्डावर मी शिक्के मोजले आहेत. महिनाभरात अकरा. उरलेल्या दिवशी ते फाटकापर्यंत गेले असणारच, कारण न जाणाऱ्याचे कार्ड पुढच्या महिन्याला धोक्यात येई. गेले आणि परत आले, याची नोंद कुठेच नाही. कार्ड फक्त झालेल्या कामाची आठवण ठेवते, वाट पाहिल्याची नाही.

आता मुळातला प्रश्न. रोज इतक्या जागा रिकाम्या राहत कशा? कारण कायम कामगार गावी जाई. शिमग्याला जाई, गणपतीला जाई, भाजावळ-पेरणीला जाई, लग्नसराईत जाई. गावची चार गुंठे जमीन आणि गिरणीतली जागा, या दोन्हीवर त्याचा एकेक पाय होता. मालक कामगाराच्या खाड्यांविषयी सतत तक्रार करत, पण याच खाड्यांमुळे त्यांना बदलीचा स्वस्त साठा बाळगता येत होता. एक कोकणी माणूस गणपतीला गावी गेला की दुसऱ्या कोकणी माणसाला त्याच्या जागी चार दिवस काम मिळे. आजोबांना जे अकरा दिवस मिळाले, ते कोणाच्या तरी गावच्या वाटेमुळे मिळाले. म्हणून फाटकावर विचारलेल्या ‘कुठला तू’ या प्रश्नात ‘गावी कधी जाणार’ हा प्रश्न लपलेला होता. आणि त्याचे उत्तर ‘सगळे जातात तेव्हा’ असे असले तरी चालत होते.

बंदरातही असेच होते. रोजच्या रोज जमवायची माणसे, आणि ती जमवणारे टोळीवाले. ही केवळ मुंबईची गोष्ट नव्हे. लंडनच्या गोदीत माणसे रोज सकाळी फाटकावर गर्दी करत आणि तासावर घेतली जात. अर्ध्या तासानेही परत पाठवली जात. 1889 साली तिथल्या कामगारांनी मोठा संप केला आणि दोन गोष्टी मिळवल्या. तासाला सहा पेन्स हा दर, आणि एकदा बोलावले की किमान चार तासांचे काम. दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. माणूस तासावर विकत घेता येतो हे मान्य करूनही, त्याला दारापर्यंत आणण्याची काही किंमत आहे, हे त्यात कबूल झाले. आपल्याकडे 1948 साली गोदी कामगारांच्या नोकरीच्या नियमनाचा कायदा झाला, 1951 साली मुंबईत गोदी कामगार मंडळ आले, 1969 साली माथाडी कायदा आला. रोजच्या फाटकाला मोडीत काढण्याचे हे प्रयत्न होते आणि त्यांतून लाखो घरे उभी राहिली.

गिरणीत मात्र बदली उरलाच. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबर बदलीवाल्यांना कायम करा ही मागणी होती. वर्षानुवर्षे बदलीच राहिलेली माणसे त्या संपात होती. बदलीचा प्रश्न सुटला, पण वेगळ्या तऱ्हेने. गिरण्याच राहिल्या नाहीत.

खुर्ची

फाटकावरच्या बोटाची जागा टेबलासमोरच्या खुर्चीने कधी घेतली, हाही एक इतिहास आहे. दुकानातला विक्रेता कसा निवडावा, हा प्रश्न अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्राचा विषय झाला. वॉल्टर डिल स्कॉट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1915 च्या सुमारास एक सोपा प्रयोग केला. विक्रेत्याच्या नोकरीसाठी आलेल्या 36 उमेदवारांची सहा अनुभवी अधिकाऱ्यांकडून स्वतंत्रपणे मुलाखत घेतली आणि त्यांचे निकाल शेजारी शेजारी ठेवले. बहुतेक उमेदवारांच्या बाबतीत, हा वरच्या निम्म्यात की खालच्या, एवढ्यावरही सहा जणांचे एकमत होईना. म्हणजे खुर्चीवरचा साहेब आणि फाटकावरचा मुकादम यांत फार अंतर नव्हते. मुकादमाला निदान बहिणीच्या सासरची माहिती होती. त्यानंतरच्या शंभर वर्षांच्या संशोधनाचे सार एवढेच की, सगळ्यांना तेच, कामाशी संबंधित प्रश्न विचारले आणि उत्तरांना आधी ठरवून गुण दिले, तर मुलाखत बरी चालते. गप्पा मारून अंदाज बांधला तर चालत नाही.

आपल्याकडे मोठी दुकाने तेव्हाही होती. फोर्टमध्ये आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स, व्हाइटअवे लेडलॉ. गिरणगावाच्या माणसाने तिथे नोकरी मागायला जाण्याचा प्रश्न नव्हता. त्याचे मोठे दुकान वेगळ्या रस्त्याने आले. 1948 साली नायगावात कामगारांच्या सहकारातून एक साधे रेशनचे दुकान निघाले. तेच पुढे अपना बाजार झाले. त्याच साली दुकानांचा नवा कायदा आला. मुंबई प्रांताने 1939 साली दुकाने व आस्थापनांचा देशातला पहिला कायदा केला होता, त्याची जागा 1948 च्या कायद्याने घेतली. त्यात दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवण्याची तरतूद होती. दुकान बंद म्हणजे सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी. त्या सुट्टीसाठी कोणाच्या बदल्यात कोणी लागत नव्हते.

2017 साली महाराष्ट्राने नवा कायदा केला. दुकाने वर्षाचे 365 दिवस उघडी राहू शकतात. मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळाली पाहिजे. वाचताना दोन्ही गोष्टी चांगल्या वाटतात, आणि गिऱ्हाईक म्हणून मीही रविवारी संध्याकाळी तेलाचा डबा आणतो. पण हिशेब करून पाहा. दुकान सात दिवस उघडे, माणूस सहा दिवस कामावर. प्रत्येकाच्या सातव्या दिवशी कोणीतरी दुसरा उभा राहिला पाहिजे. शनिवार-रविवारी गर्दी दुप्पट, तेव्हा आणखी. दिवाळीत त्याहून अधिक. म्हणजे दुकानाला नेमका तोच माणूस लागू लागला, जो गिरणीला लागत होता. बोलावले की येणारा, नाही बोलावले तर घरी बसणारा. शब्द बदलला, बदली परत आला.

तो परत आला ती जागाही बघण्यासारखी आहे. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या आवारात आज मॉल आहे; गिरणीची चिमणी तिथे जपून ठेवली आहे. तिथून जवळ जो जुना डिलाइल रोड, त्याचे आजचे नाव ना. म. जोशी मार्ग. जॉबरच्या हातातून फाटक काढून घ्या असे सांगणाऱ्या आयोगात बसलेल्या, गोरेगावच्या त्या माणसाच्या नावाच्या रस्त्यावरून आज दुकानांत उभी राहणारी मुले-मुली सकाळी कामाला जातात.

आणि जॉबर? तोही आहे. पुतणीच्या अर्जावर वरच्या कोपऱ्यात दुकानाचे नाव नव्हते. माणसे पुरवणाऱ्या ठेकेदाराचे होते. 1970 सालचा कंत्राटी कामगारांचा कायदा नावातच ‘नियमन आणि उच्चाटन’ असे दोन शब्द घेऊन आला. पन्नास वर्षांत त्यातला दुसरा शब्द मागे पडला. या ठेकेदाराला आमची भाषा, जात, भाऊबंद यांच्याशी कर्तव्य नाही, ही मोठीच सुधारणा मानली पाहिजे. पण त्याला आमच्या गावाशीही कर्तव्य नाही. जुन्या मुकादमासाठी गाव म्हणजे जामीन होता. याच्यासाठी गाव म्हणजे अंतर.

फळीपलीकडचे संवाद

त्या दिवशीची मुलाखत दहा मिनिटांची होती. मी घरी आल्यावर जमेल तशी लिहून ठेवली. गणपतीच्या प्रश्नावर पुतणी म्हणाली, “गौरी-गणपतीचे पाच दिवस लागतील सर. दिवाळीत मी इथेच आहे.”

“कोकणातले सगळे हेच सांगतात,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. मग पुढचे प्रश्न आले. उभ्याचे काम आहे, नऊ तास, चालेल का? राहणार कुठे? रात्री सुटल्यावर जाणार कशी? हिंदी येते का? गिऱ्हाईक ओरडले तर काय कराल? शेवटच्या प्रश्नावर ती म्हणाली, “पहिलं त्यांचं ऐकून घेईन. मग बिल बघेन. बहुतेक वेळा बिलातच काहीतरी असतं.” हे तिला कोणी शिकवले नव्हते. आमच्या बाजारपेठेत तिने दोन वर्षे एका किराणा दुकानात हिशेब ठेवला आहे. तिथे ओरडणारी गिऱ्हाइके ओळखीची असतात, एवढाच फरक.

“तुम्हाला काही विचारायचंय?”

मला वाटले, ती नाही म्हणेल. बाहेर बसलेल्यांपैकी आधीचे सगळे नाही म्हणाले होते. ती म्हणाली, “हो. तुम्ही बोलावलंत, मी आले, आणि दुकानात गर्दी नाही म्हणून दोन तासांनी परत पाठवलंत, तर किती तासांचे पैसे?”

फळीपलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, “असं सहसा होत नाही.” आणि थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, “मला विचारून सांगावं लागेल. मी पण एजन्सीचाच आहे.”

या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे, पण ते नेमके वाचावे लागते. 1948 च्या किमान वेतन कायद्याने दर तासावर, दिवसावर किंवा महिन्यावर ठरवता येतो असे म्हटले. ज्याचा दर दिवसावर ठरला आहे, त्याला नेहमीच्या दिवसापेक्षा कमी तास काम दिले, तरी पूर्ण दिवसाचे वेतन घेण्याचा हक्क दिला. काम कमी झाले ते त्याच्याच अनिच्छेमुळे असेल तर नाही. 2019 च्या वेतन संहितेतही दिवसावर दर असणाऱ्यासाठी अशीच तरतूद आहे. म्हणजे ‘तासावर’ आणि ‘दिवसावर’ हा नुसता हिशेबाचा फरक नाही. दिवसावर नेमलेल्या माणसाची वाट पाहण्याची किंमत मालकाने द्यायची. तासावर नेमलेल्याची त्याने स्वतः सोसायची. आणि ज्याला त्या दिवशी बोलावलेच नाही, तो तर माझ्या आजोबांसारखा कोऱ्या चौकोनात उभा.

पुतणीला तो प्रश्न सुचला कसा, हे मी परतीच्या गाडीत विचारले. ती म्हणाली, “काका, पणजोबांचं ते कार्ड तुम्हीच दाखवलंत ना? कोरे चौकोन बघून मी तेव्हाच विचारलं होतं, या दिवसांचं काय. तुम्ही म्हणालात, काही नाही. मला वाटलं, निघण्याआधी विचारून घ्यावं.”

मी तीस वर्षे इतिहास शिकवला. त्याचा असा उपयोग वर्गात कधी झालेला मला आठवत नाही.

वही

आठव्या दिवशी फोन आला. गौरी-गणपती आटोपल्यावर ये म्हणाले. सुटल्यावर रात्री म्हसळ्याला पोचणे शक्य नव्हते, म्हणून तिघी मैत्रिणींनी मिळून पनवेलला एक खोली घेतली. तिघीही आमच्याच बाजूच्या. खोलीला नाव कोणी दिलेले नाही, पण मी तिथे गेलो तेव्हा दाराशी चपला, खिडकीत पिशवीतले सुके बोंबील आणि भिंतीवर तिघींच्या पाळ्यांचा कागद बघून मला ती लगेच ओळखू आली. एक फरक मोठा होता. जुन्या खोलीत सगळे पुरुष आणि सगळे एका जातीचे. या तिघींत एक श्रीवर्धनच्या बाजूची मुसलमान मुलगी आहे, एक बौद्धवाड्यातली आहे. मुकादमाच्या फाटकावर या तिघी एका रांगेत उभ्या राहिल्या नसत्या, आणि राहिल्या असत्या तरी एकाच खात्यात गेल्या नसत्या. तीन पिढ्यांत काहीच बदलले नाही असे म्हणणाऱ्यांना मी ही खोली दाखवीन. सगळे बदलले असे म्हणणाऱ्यांना आजोबांचे कार्ड.

परत पाठवल्यास किती तासांचे पैसे, याचे उत्तर तिला अजून मिळालेले नाही. पण ती एक वही ठेवते. तारीख, बोलावणे किती वाजता आले, आत किती वाजता गेली, बाहेर किती वाजता आली. आणि ज्या दिवशी तयार होऊन बसली पण फोन आला नाही, त्या दिवसापुढे एक छोटी आडवी रेघ. पहिल्या महिन्यात अशा सात रेघा आहेत.

गिरण्यांच्या इतिहासाची साधने पुष्कळ आहेत. 1921 सालापासूनचे लेबर गॅझेट आहे, आयोगांचे अहवाल आहेत, मालक संघाची दप्तरे आहेत. त्यांत किती माणसे लागली, किती गैरहजर राहिली, किती काढली, याचे आकडे सापडतात. दारातून परत गेलेल्यांची नोंद मात्र कोणी ठेवली नाही, कारण ती ठेवणे हे दार सांभाळणाऱ्याचे काम नव्हते. ती ठेवायची तर परत जाणाऱ्यानेच ठेवायला हवी होती, आणि आजोबांना लिहिता येत नव्हते.

वाचकांना एक विनंती करून थांबतो. आपल्याकडच्या जुन्या ट्रंकांत बदली कार्डे, पगाराची पाकिटे, खलाशांच्या नळ्या, नेमणुकीची आणि नकाराची पत्रे असतील, तर ती दिवाळीच्या साफसफाईत टाकू नका. आणि घरातले कोणी आज तासावर कामाला जात असेल, तर त्याला एक वही घेऊन द्या. आमच्या घरी आता ट्रंकेत आजोबांचे कार्ड आहे. वही भरली की त्याच्या शेजारी ठेवायची, असे पुतणीने मला सांगून ठेवले आहे.